जुन्नरी कागद, रद्दी आणि जुन्या ग्रंथांचा शोध

सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या नोंदीतून कमी केलेल्या, म्हणजे ग्रंथालयांच्या परिभाषेत ‘निर्लेखित’ केलेल्या पुस्तकांच्या ढिगातून एखादा दुर्मीळ ग्रंथ हाती लागणे, हा ग्रंथप्रेमी माणसाच्या आयुष्यातील मोठ्या आनंदाचा प्रसंग होय. महाराष्ट्रात या आनंदाविषयी लिहिताना बहुधा पुण्याचा अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईच्या फोर्ट भागातील पदपथ डोळ्यांसमोर येतात. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील तालुक्यांकडे मात्र त्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. वास्तविक मराठी राज्यातील पत्रे, हिशेब आणि पोथ्या ज्या कागदांवर लिहिल्या गेल्या, त्यांतील एका नामांकित कागदाचे जन्मस्थान जुन्नर होते, आणि तो कागद चिंध्या, जुने दोर व फाटकी गोणपाटे यांतून तयार होत असे. टाकून दिलेल्या वस्तूंतून कागद, कागदातून ग्रंथ, ग्रंथाची पुन्हा रद्दी आणि त्या रद्दीतून एखाद्या जाणत्या हाताने केलेली सोडवणूक, अशी ही साखळी या प्रदेशात काही शतके चालत आलेली दिसते, आणि जुन्या पुस्तकाच्या शोधात मिळणारे समाधान या साखळीच्या संदर्भात पाहिले म्हणजे अधिक नीट समजते.

कागद येण्यापूर्वीही लेखनाशी जुन्नरचा संबंध निकटचा होता. कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांमध्ये, लेण्याद्रीपासून मानमोडीपर्यंत, दानाचे अनेक ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. त्यांतील काही लेखांत धान्याचे व्यापारी, कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या ‘श्रेणी’, म्हणजे व्यावसायिकांचे संघ, यांचा उल्लेख येतो. दानाची व्यवस्था कायम चालू राहावी म्हणून तिची नोंद दगडावर करण्याची गरज ज्या गावाला दोन हजार वर्षांपूर्वी भासली, ते गाव पुढे लेखनसाहित्य पुरवणारे केंद्र व्हावे, यात एक सुसंगती आहे. मात्र त्या दोन गोष्टींमध्ये थेट परंपरा जोडण्याचा मोह टाळणेच इष्ट, कारण कागद बनवण्याची विद्या दख्खनेत सुलतानी राजवटींच्या काळात मुसलमान कारागिरांबरोबर आली. दौलताबाद-खुलदाबाद परिसरातील कागजीपुरा, खानदेशातील एरंडोल आणि घाटमाथ्यावरील जुन्नर ही या विद्येची महाराष्ट्रातील ठळक ठाणी होत. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली तेव्हा तिचे पहिले ठाणे जुन्नरच होते, आणि पुढे मलिक अंबरच्या काळातही काही वर्षे राजधानीचा मान या गावाकडे आला. राजधानी म्हटली की फर्माने, सनदा, जमाखर्च आणि महसुलाच्या याद्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर कागदाची कायमची मागणीही आली.

हा कागद बनवणाऱ्यांना ‘कागदी’ म्हणत. त्यांचे काम वाहत्या पाण्यावाचून होत नसे, आणि जुन्नरला कुकडी नदीचे पाणी होते. कच्चा माल म्हणजे ताग-अंबाडीचे जुने दोर, गोणपाट, जाळी आणि चिंध्या. त्यांचे कुऱ्हाडीने बारीक तुकडे करून ते भिजवीत, आणि मग पायाने दाबून उचलायच्या व सोडायच्या जड लाकडी घणाखाली कुटीत. कुटलेल्या लगद्यात चुना मिसळून त्याचे ढीग काही दिवस तसेच ठेवीत, नंतर तो नदीत धुवून पुन्हा कुटीत. चुना लावणे, कुटणे आणि धुणे यांची ही आवर्तने माल पांढरा व मऊ होईपर्यंत चालत. तयार लगदा पाण्याच्या हौदात कालवला जाई, आणि हौदाच्या काठाशी बसलेला कारागीर गवताच्या बारीक काड्या विणून केलेली चटई लाकडी चौकटीवर ताणून धरी व ती दोन्ही हातांनी पाण्यात बुडवून अलगद वर काढी. पाणी निथळून जाई आणि चटईवर तंतूंचा पातळ थर उरे. तो थर, म्हणजे कागदाचा ‘ताव’, एकावर एक रचून दाबला जाई, मग एकेक ताव सोडवून चुन्याने गुळगुळीत केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवला जाई. वाळलेल्या तावाला खळ लावीत, आणि शेवटी लाकडी फळीवर ठेवून तो गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटीत. घोटल्यामुळे पृष्ठभागाला तकाकी येई, बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे.

या कृतीच्या खुणा आजही ओळखता येतात. जुन्या दप्तरातला एखादा हातकागद उजेडासमोर धरला तर गवताच्या काड्यांच्या जवळजवळ असलेल्या बारीक समांतर रेषा दिसतात, आणि त्यांना छेदणाऱ्या, अधिक अंतरावरच्या रेषा ही चटई विणणाऱ्या धाग्यांची खूण असते. कोठे कोठे पूर्ण न कुटलेला दोराचा तंतू तसाच अडकून राहिलेला आढळतो. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विलायतेहून आलेल्या कागदात अनेकदा गिरणीचे नाव आणि सनही जलचिन्हाच्या रूपाने, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेल्या व उजेडात दिसणाऱ्या खुणेच्या रूपाने, सापडते. त्यामुळे मिती नसलेल्या हस्तलिखिताचा काळ ठरवण्यास मोठी मदत होते. हातात आलेला कागद वाचण्याआधी तो उजेडासमोर धरण्याची जुन्या संशोधकांची सवय केवळ हौस नव्हती.

पेशवाईत पुणे हे राज्यकारभाराचे केंद्र झाले तेव्हा कागदाची मागणी तिकडे वळली, आणि जुन्नर व नाशिककडील कागदी पुण्यास येऊन वसल्याची परंपरा सांगितली जाते. कसबा पेठेतील कागदीपुरा त्यांचे नाव आजही धारण करून आहे. दौलताबादी, जुन्नरी अशा गावांच्या नावांनीच कागदाची प्रत ओळखली जाई. या कागदांवर काजळाच्या शाईने आणि बोरूने मोडी लिपीत लिहिलेली पत्रे, ओली अक्षरे वाळवण्यासाठी वर बारीक वाळू टाकलेली, अडीचशे वर्षांनंतरही सुवाच्य राहिली आहेत. काजळाची शाई उजेडाने फिकी पडत नाही. तिचा शत्रू पाणी. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकराच्या आणि नाणेघाटाच्या बाजूला, पावसाचा जोर मोठा असल्याने ओल, वाळवी आणि कसर, म्हणजे कागद कुरतडणारी बारीक रुपेरी कीड, यांनी केलेले नुकसान मनुष्याने केलेल्या नुकसानीपेक्षा कमी नव्हते. म्हणूनच कागदपत्रे कापडी ‘रुमाला’त घट्ट बांधून ठेवीत आणि त्यांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला घालीत. पोथ्यांची सुटी पाने दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधली जात. रोजच्या पाठातील अभंग, आरत्या व कवने मात्र ‘बाडा’त, म्हणजे एका कडेने शिवलेल्या आडव्या वहीत, उतरवून घेतली जात. ओतूरसारख्या गावात, जेथे तुकाराम महाराजांच्या गुरुपरंपरेतील बाबाजी चैतन्यांची समाधी मानली जाते, अशा बाडांना घराघरांत देव्हाऱ्यातील स्थान होते.

इंग्रजी अमलात या धंद्याची घसरण झाली आणि तिचा वेग मोठा होता. विलायती गिरण्यांचा कागद स्वस्त होता. त्यात १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला रे पेपर मिल निघाली आणि देशी गिरणी कागदही बाजारात आला. सरकारी कचेऱ्यांनी हातकागद सोडला, आणि सावकारांच्या व व्यापाऱ्यांच्या वह्यांपुरता तो काही काळ टिकून राहिला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. परंतु जुन्नरच्या कारागिरीला त्यातून पूर्वीचे वैभव परत लाभले नाही. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गिरणीच्या स्वस्त कागदाने वाचनाचा प्रसार केला, शाळा आणि वृत्तपत्रे शक्य केली, हे खरे. पण लाकडाच्या लगद्यापासून केलेला व तुरटीच्या साहाय्याने खळवलेला हा कागद आम्लामुळे आतूनच जळत जातो. त्यामुळे १७६० सालचे जुन्नरी कागदावरील पत्र आज निर्धास्तपणे उलगडता येते, आणि १९२० सालचे छापील पुस्तक पान उलटताना कोपऱ्यातून तुटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदावर नियंत्रण आले तेव्हा छापलेल्या मराठी पुस्तकांची अवस्था तर सर्वांत करुण आहे. एका संपूर्ण दशकाचे वाङ्मय भुगा होण्याच्या वाटेवर आहे.

कागदाचे मोल उतरले तसे जुन्या दप्तरांचेही उतरले. वतने, इनामे आणि त्यांवरील हक्क यांचे व्यवहार नव्या कायद्याच्या चौकटीत गेल्यावर घरोघरच्या देशमुख-देशपांडे-कुलकर्णी दप्तरांचा व्यावहारिक उपयोग संपला, मोडी वाचणारे कमी झाले, आणि वाडे पडू लागले तसे माळ्यावरचे रुमाल वाण्याच्या पुड्यांसाठी, तर कधी बंबात घालण्यासाठी गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे गावोगाव पायपीट करून असे कागद वाचवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते याच जाणिवेतून. रद्दीतून मोलाची वस्तू उचलण्याचा आनंद हा मराठी इतिहाससंशोधनाच्या पायाशीच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. या परंपरेला भावुकतेचा स्पर्श असला तरी तिची फळे अत्यंत भक्कम आहेत: शिवकाल आणि पेशवाई यांविषयी आज जे निश्चितपणे सांगता येते त्यातील मोठा भाग अशा सोडवलेल्या कागदांवर आधारलेला आहे.

छापील ग्रंथांचे भवितव्य याहून वेगळे नव्हते. मराठी मुद्रणाच्या पहिल्या काळातील पुस्तके, ज्यांना ग्रंथसंग्राहक ‘दोलामुद्रिते’ म्हणतात, पुष्कळदा शिळाछापाची, म्हणजे सपाट दगडावर अक्षरे उतरवून छापलेली, आणि पोथीच्याच आडव्या आकाराची होती. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले तेव्हा छापील अक्षराला घराच्या देव्हाऱ्यापर्यंत वाट मिळाली. खेड्यांत पोचणारा दुसरा प्रवाह छोट्या पुस्तिकांचा होता. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे जुन्नर तालुक्यात, विशेषतः ओतूरकडे, चांगले बळ होते, आणि त्या चळवळीची विचारसामग्री पातळ कागदाच्या, मऊ वेष्टनाच्या पुस्तिकांमधून व वृत्तपत्रांमधून फिरत असे. पोथी सोवळ्यात ठेवली जाते. पुस्तिका हातोहात फिरते आणि फाटते. एकोणिसाव्या शतकातील शेतकरी समाजाच्या वाचनाचा पुरावा दुर्मीळ असण्याचे हे एक साधे भौतिक कारण आहे, आणि म्हणून अशी एखादी चौपानी पुस्तिका एखाद्या ग्रंथालयाच्या टाकाऊ गठ्ठ्यात निघाली तर तिचे मोल जाड, सोनेरी अक्षरांच्या ग्रंथापेक्षा अधिक मानले पाहिजे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची वाढ एकोणिसाव्या शतकातील ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या संस्थांपासून सुरू झाली. पुण्यातील अशी संस्था १८४८ ची. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने त्यांना शासकीय मान्यतेची व अनुदानाची चौकट मिळाली, ग्रंथालयांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग ठरले, आणि जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव यांसारख्या गावांतील वाचनसंस्कृती या व्यवस्थेशी जोडली गेली. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत एक क्रमांक मिळतो, तोच ‘दाखलांक’. पुस्तक फाटले, हरवले किंवा कालबाह्य ठरले की त्याचे निर्लेखन होते, दाखलांकापुढे शेरा पडतो, आणि पुस्तक बहुधा वजनावर रद्दीत जाते. अमेरिकेत ग्रंथालयांचे मित्रमंडळ दरवर्षी अशा पुस्तकांची जाहीर विक्री भरवते आणि त्या पैशातून नवी खरेदी करते. महाराष्ट्रात ही प्रथा रुजलेली नाही. रद्दीच्या काट्यावर १८८५ चे गॅझेटियर आणि मागील वर्षाचे मार्गदर्शक पुस्तक यांचा भाव एकच असतो. या व्यवस्थेत दोष एखाद्या ग्रंथपालाचा नाही. जागा अपुरी, कपाटे मोजकी आणि वाचकाची मागणी नव्या पुस्तकांची असते. तरीही गठ्ठा काट्यावर चढण्यापूर्वी त्याची यादी जाहीर व्हावी आणि आठ दिवस तो वाचकांसमोर मांडून ठेवावा, एवढे तरी प्रत्येक तालुक्याच्या गावी घडणे आवश्यक आहे.

आंबेगाव तालुक्याच्या बाबतीत ही निकड विशेष आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले; तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. गाव उठते तेव्हा जमीन आणि घर यांचा मोबदला मोजला जातो, पण माळ्यावरच्या कागदांचा मोबदला कोणत्याही तक्त्यात नसतो. अशा प्रदेशाची स्मृती पुढे जेवढी ग्रंथालयांच्या कपाटांत उरते तेवढीच उरते.

निर्लेखित पुस्तक हे कोऱ्या पुस्तकाहून अधिक बोलके असते. त्याच्या पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का, क्वचित त्याच संस्थेच्या जुन्या नावाचा दुसरा शिक्का, देणगीदाराचे नाव, आणि शेवटच्या पानावर चिकटवलेले तारखांचे पत्रक असते. त्या पत्रकावरून पुस्तक कोणत्या वर्षी सपाटून वाचले गेले आणि केव्हापासून कोणी उघडलेच नाही हे दिसते. समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा, लेखकाशी घातलेला वाद, कठीण शब्दांचे अर्थ, यांतून वाचकाचे वय आणि शिक्षण यांचाही अंदाज येतो. मात्र ग्रंथालयीन बांधणीने एक मोठी हानी केलेली आढळते. पुस्तक टिकावे म्हणून बांधणी करणारा मूळ वेष्टन काढून टाकतो, कडा कापतो आणि जाड पुठ्ठ्यावर कापड चढवतो. त्यामुळे दीनानाथ दलाल यांच्यासारख्या चित्रकारांनी काढलेली असंख्य मुखपृष्ठे ग्रंथालयांतून नाहीशी झाली. बांधणीतून सुटलेली, मूळ वेष्टनासह असलेली प्रत हाती लागणे हा म्हणूनच वेगळा लाभ ठरतो. ओतूरला जन्मलेल्या अनिल अवचट यांच्या ‘पूर्णिया’ची १९६९ मधील पहिली आवृत्ती मूळ रूपात मिळाली, तर या तालुक्यातील वाचकाला तिचे अप्रूप का वाटावे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच प्रदेशाविषयीचे काही ग्रंथ शोधणाऱ्याच्या यादीत अग्रभागी असतात. १६७५ मध्ये मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून घाट चढून जुन्नरला आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची तीन भागांतील संपादित आवृत्ती निघाली. कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या नकला प्रसिद्ध केल्या. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचे पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांवरील पुस्तक १८८१ चे आहे. आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरील अठरावा खंड, तीन भागांत, १८८५ चा. कागदी कारागिरांच्या धंद्याविषयी त्या खंडात आलेला मजकूर आज त्या कारागिरीचा एक महत्त्वाचा लेखी पुरावा आहे. हे ग्रंथ आता संगणकाच्या पडद्यावरही वाचता येतात, तरी मूळ प्रतीत दुमडलेला नकाशा उलगडून नाणेघाटापासून जुन्नरपर्यंतची वाट बोटाने चालत जाण्याचे सुख निराळेच.

शोधणाऱ्याला सर्वांत मोठा आनंद मिळतो तो मात्र प्रसिद्ध ग्रंथ सापडल्याने नव्हे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ अपार कष्टाने सिद्ध करून १९४३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा तिचा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. एका माणसाने गावोगावच्या ग्रंथालयांतील कपाटे धुंडाळून घडवलेले हे काम मराठी ग्रंथव्यवहाराचा आजही आधारस्तंभ आहे. पण तालुक्याच्या छापखान्यात निघालेली जत्रेची माहितीपत्रके, कीर्तनकारांची आख्याने, शेतीवरील पुस्तिका आणि शाळामास्तरांनी स्वखर्चाने छापलेले काव्यसंग्रह कोणत्याही सूचीकाराच्या नजरेतून सुटू शकतात. निर्लेखनाच्या गठ्ठ्यात असे एखादे पुस्तक हाती आले की जाणता माणूस प्रथम त्याचे मुखपृष्ठ, छापखान्याचे नाव व गाव, सन, आवृत्ती आणि किंमत टिपून घेतो, शिक्का व दाखलांक उतरवतो, मग दात्यांची सूची उघडून लेखकाचे नाव शोधतो. आणि ते नाव तेथे नसले, तर आपल्या हाती असलेली प्रत ही कदाचित उरलेली एकमेव प्रत असावी, हे जाणून तो तिच्या नोंदीचे टिपण एखाद्या मोठ्या ग्रंथसंग्रहालयाकडे पाठवण्याच्या कामाला लागतो.